सुरतेपर्यंत गेलेला महाराष्ट्र

मी चार वर्षांची असताना झोपेतच गुजरातला गेले.

गाडी लागली नाही, तिकीट लागलं नाही, अंगावरचा परकरसुद्धा बदलावा लागला नाही. रात्री अंगणातल्या बाजेवर झोपले तेव्हा मी मुंबई राज्यात, पश्चिम खानदेशात होते. सकाळी त्याच बाजेवर उठले ती गुजरातची होऊन! साठ सालच्या त्या एक मेला महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्यं एकाच वेळी जन्माला आली, जुळी. आणि निझरकडचं आमचं गाव वाटणीत त्या बाजूला गेलं. (पुढे लग्न होऊन मी म्हसावदजवळ, म्हणजे धुळे जिल्ह्यात आले, आणि काही वर्षांनी कुकरच्या शिट्ट्या ऐकता ऐकता नंदुरबार जिल्ह्याची झाले. घरबसल्या इतका प्रवास केलेली बाई तुम्हाला दुसरी दाखवता येणार नाही.)

त्या सकाळी माझे वडील चावडीवरून आले आणि आईला म्हणाले, "आपन आते गुजरातमा शेतस."

आई म्हशीचं दूध काढत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आनि म्हैस?"

"ती बी."

"मंग तिले चारा कोन टाकी?"

"तूच टाक! दुसरं कोन टाकी?"

"मंग बदलनं काय?" असं म्हणून आई पुन्हा धार काढायला लागली.

आईचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मला मात्र तेव्हापासून त्या रेषेचं भारी अप्रूप! जिला रंग नाही, उंची नाही, जी ना ज्वारीच्या शेतात दिसते ना तापीच्या पाण्यात, ती रेषा अख्ख्या गावाला झोपेत उचलून नेते म्हणजे काय! मी लहानपणी रेषा शोधायला जायची. बांधावर उभं राहून एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवायची आणि अंगावर काटा यायची वाट बघायची. काटा यायचा, पण तो बाभळीचा.

अजूनही एक मेला सकाळी माझ्या मोबाइलवर भाच्याच्या गुजरात दिनाच्या शुभेच्छा येतात आणि नातीच्या महाराष्ट्र दिनाच्या. मी दोघांना तेच हात जोडलेलं चित्र पाठवते. मग नात विचारते, "आजी, तू नक्की कोणाकडून?" तेव्हा मला महाराष्ट्राला पंचवीस वर्षं झाली ते साल आठवतं आणि डोळ्यांना पाणी येतं. भावनेनं नाही. कशानं, ते पुढे कळेलच.

तेव्हा माझ्या लग्नाला तीन-चार वर्षं झालेली. मी बी.ए., बी.एड. माहेरी मराठी शाळा नीटशी नव्हती, म्हणून मामाकडे शहाद्याला राहून शिकलेली. शिकले होते किती ते सोडा, पण तोरा असा की विद्यापीठ मीच बांधलं असावं! भाकरी थापतानाही मी "अक्षांश-रेखांश" असले शब्द वापरायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात राज्य सासऱ्यांच्या आईचं. तिला सगळे मोठी माय म्हणत. सासरे म्हणजे आप्पा, गावचे सरपंच. बाहेर त्यांच्या शब्दाला सगळं गाव उभं राहायचं, आणि घरात मोठी माय खाकरली की आप्पा उभे राहायचे.

गावात नवी हायस्कूलची शाळा निघाली होती आणि मला तिथे शिकवायचं होतं. दुसरं काही नको होतं. लुगडं नको, पाटल्या नकोत, फक्त हातात खडू हवा होता. मी एकदा धीर करून विषय काढला, तर आप्पा जेवता जेवता थांबले.

"आमना घरनी सून नोकरी करी? लोक काय म्हनतीन? सरपंचना घरमा खावाले नही का?"

आमचे हे, म्हणजे वसंतराव, तेवढ्यात हात धुवायला उठून गेले. (हे नेहमी वेळेवर हात धुवायचे. त्यांचे हात गावात सगळ्यांत स्वच्छ होते.)

पण मोठी माय खाकरली. "पोर शिकेल शे तं शिकाडू दे ना. घरमा माले शिकाडस, त्यानापेक्षा पोरंसले शिकाडी!"

आप्पांनी मग तोड काढली. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष त्या एक मेला झेंडावंदनाला येणार होते. आप्पा म्हणाले, "कार्यक्रम तुन्हा ताबामा. अध्यक्षसाहेब खूश व्हयनात तं मी सोता तुन्हा नोकरीना शब्द टाकसू. गावमा हसू व्हयनं, तं शायाना नाव पुन्हा काढानं नही. कबूल?"

"कबूल!" मी म्हणाले. आता इतर कुठल्याही शहाण्या बाईनं काय केलं असतं? दोन पोरींकडून स्वागतगीत, एक भाषण, एक हार, पेढे, घरी. पण मी पडले बी.ए., बी.एड.! मी ठरवलं, शाळेच्या मैदानावर महाराष्ट्राचा नकाशा काढायचा. जमिनीवर. धान्याचा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत!

"कागदवर काढ," हे म्हणाले. "कागद उडना तं उडना, कोनाले दिसाव नही."

मी यांच्याकडे अशा दयेनं पाहिलं, जशा गॅलिलिओच्या बायकोकडे तिच्या मैत्रिणी पाहत असतील. (त्याला बायको होती का, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं.)

एक मेच्या पहाटे, तांबडं फुटायच्या आत, मी, हे आणि चार पोरी मैदानावर कामाला लागलो. कोकणात तांदूळ पसरला. विदर्भात कापूस. मराठवाड्यात तूर. कोल्हापूरला गुळाची ढेप. आमच्या खानदेशात ज्वारी, आणि शहाद्याच्या जागी केळीचा एक आख्खा घड. मुंबईला काय ठेवावं सुचेना. ज्या मुंबईसाठी एवढं रान पेटलं, माणसं रस्त्यावर आली, गोळ्या खाल्ल्या, ती मुंबई धान्याच्या मुठीत कशी मावणार? शेवटी मोठ्या मायचा पितळी तांब्या घासूनपुसून, पाण्यानं भरून ठेवला. उजाडताना त्याच्यावर पहिलं ऊन पडलं आणि खरं सांगते, माझी मीच गप्प झाले. चिमूटभर दाणे इकडे, चिमूटभर तिकडे, पण एकत्र पाहिलं तर केवढं ते राज्य! समुद्रापासून निघालं ते थेट जंगलापर्यंत.

आता राहिली सीमा. ती ठळक हवी, लांबून दिसायला हवी. आणि आमच्या भागात लाल रंग म्हटलं की कुंकवाच्या आधी आठवते ती मिरची! वर्षाच्या तिखटासाठी मोठ्या मायनं मिरचीचं पोतं घेऊन ठेवलं होतं. मेच्या उन्हात वाळून वाळून ती अशी कडक झालेली, की नुसतं बोट लावलं तरी खुळखुळायची. मी ते पोतं न विचारता आणलं आणि राज्याच्या चारी बाजूंनी मिरच्यांची रांग मांडली. असा लालबुंद महाराष्ट्र दिल्लीनंही पाहिला नसेल!

इथपर्यंत मी चुकले नव्हते. चुकले ती वायव्येच्या कोपऱ्यात. सीमा मांडत मांडत मी तापीपाशी आले आणि समोर माझं माहेर. म्हणजे नुसती माती होती हो, पण मला तिथे अंगण दिसलं, म्हैस दिसली, आईची पाठ दिसली. नियमानं मिरच्या माहेराच्या अलीकडून जायला हव्यात. कोण बघतंय? मी रांग एक वीत पलीकडे सरकवली. वीतभर! माहेर महाराष्ट्रात आलं. पंचवीस वर्षांपूर्वी मला झोपेत नेलं होतं, मी जागेपणी परत आले. हिशोब संपला.

संपला कसला! आठ वाजायच्या आत ऊन चढलं आणि सगळे प्राणी स्वराज्यात शिरले. कोल्हापूरला मुंगळे लागले. कोकणात कोंबड्या उतरल्या. एक बोकड मराठवाडा खाऊन विदर्भाकडे निघाला, त्याला यांनी काठीनं हुसकलं. मी यांना कायमचं राज्याच्या संरक्षणाला उभं केलं. (लग्नानंतर प्रथमच यांना हात धुवायला जाता आलं नाही.) मग निकाल घ्यायला पोरं आली, पोरांमागे आया आल्या, म्हातारे आले. आप्पा अध्यक्षसाहेबांना घ्यायला फाट्यावर गेलेले. मी मनातल्या मनात भाषण म्हणत होते.

गावात एक रामदास तात्या होते. पूर्वी तलाठ्याच्या हाताखाली जमीन मोजायच्या साखळ्या ओढलेले. ते नकाशाभोवती एक चक्कर मारून आले, वायव्येला थांबले आणि काठीनं दाखवत ओरडले, "ओ, देखा रे देखा! सरपंचनी सूननं सोतानं माहेर मझार लई लिधं!"

मैदान हसलं. मी म्हणाले, "तात्या, थोडं इकडेतिकडे होतं. प्रमाण असतं नकाशाला."

"प्रमान बराबर तुन्हा बापना घरपाशी कसं सरकनं व?"

पुन्हा हशा. इथवर ठीक होतं. पण त्या हशातून मोठी माय पुढे आली. तिनं आयुष्यात नकाशा पाहिला नव्हता. कागदावरचा नाही, भिंतीवरचा नाही. चपला काढून ठेवल्या, जशा देवळाबाहेर काढतात तशा, आणि ज्वारीच्या कडेनं जपून पाय टाकत आत आली.

"शकू, माले इतलं सांग. मी कोठे शे?"

मी केळीच्या घडाच्या वरच्या अंगाला बोट ठेवलं. "इथे, मोठी माय. हे आपलं गाव."

ती वाकून कितीतरी वेळ बघत राहिली. "आनि मन्ही जिजी?"

जिजी म्हणजे तिची एकुलती लेक, आप्पांची बहीण. माझ्या माहेराच्या पुढच्याच गावात दिलेली. माझं लग्नही तिनंच जमवलेलं. जिजीचं गाव मिरच्यांच्या बाहेर होतं. चार बोटं बाहेर. मी घुटमळत दाखवलं.

मोठ्या मायनं एकदा आपल्या गावाकडे पाहिलं, एकदा जिजीच्या. मग म्हणाली, "इतलंच?"

"इतलंच, मोठी माय."

"आनि मझारमा हाई मिरच्यासनी रांग कोनी लायी?"

अख्खं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. जसं काही राज्याची वाटणी दिल्लीत झालीच नव्हती, मीच पहाटे उठून केली होती! मी हळूच म्हणाले, "मी."

"तुन्हा बाप मझार," मोठी माय म्हणाली, "आनि मन्ही आंडेर बाहेर? मी तं तिले आपलाच मुलखमा देयेल व्हती व पोरी. ती कथी गयी नही. तठेच शे. तिले बाहेर कोनी काढं?"

बी.ए.ला मला हा प्रश्न नव्हता. मी खाली बसले आणि चार बोटं मिरच्या सरकवल्या. मोठी माय जिजीच्या गावावर अशी जाऊन बसली, पदर पसरून, की आता तिला तिथून उठवायला लष्कर आणावं लागलं असतं.

बस्स. मी तेवढंच केलं. पुढचं गावानं केलं.

"व शकूबाई, मन्ही आंडेर उच्छलले देयेल शे! ती कोठे शे?"

"उच्छल... ते रेषेच्या पलीकडे, काकू. गुजरातमध्ये."

"पलीकडे काब्र? तिना काय गुन्हा? सरकाव मिरची!"

"मन्ही बहीन सोनगडले!"

"मन्हं माहेर कुकरमुंडा! सरपंचनी सूननं माहेर घ्यावं आनि आम्हनं नही?"

बघता बघता सगळ्या बाया नकाशात! मी आजवर भूगोल पुस्तकात वाचला होता. राजधानी, नद्या, पिकं, पर्वत. त्या दिवशी मला कळलं की या बायांचा भूगोल वेगळाच आहे. त्यात एकच खूण असते, कोणाची लेक कुठे. कुणी रांग व्याऱ्यापर्यंत सरकवली, कुणी मांडवीपर्यंत. "अजून थोडी!" "आथी नही, तथी लोट!" हाताला उशीर होतो म्हणून पायांनी लोटायला लागल्या. तात्यांची नात बार्डोलीला दिलेली निघाली, मग तात्यांनीही काठी लावली! त्या मुलखावर पूर्वी फौज घेऊन चालून गेले होते ते महाराज. त्यानंतर, माझ्या माहितीप्रमाणे, आमच्या गावच्या बायाच. झेंडावंदनाआधी सुरत पडली!

मी एकटी मध्ये उभी राहून ओरडत होते, "अहो, आंतरराज्य प्रश्न आहे हा! काकू, पाय काढा!" आणि पायांखाली कडक मिरच्या चुरचुर, चुरचुर फुटत होत्या.

आणि जीप आली.

अध्यक्षसाहेब उतरले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, शुद्ध मराठी. आप्पांनी एक नजर महाराष्ट्राकडे टाकली, एक सुरतेत उभ्या असलेल्या बायांकडे, एक जिजीच्या गावात बसलेल्या आपल्या आईकडे, आणि एक माझ्याकडे. त्या शेवटच्या नजरेत माझी नोकरी गेलेली मला स्पष्ट दिसली.

पण गाव शिस्तीचं. जी जिथे होती तिथेच सावधान झाली. झेंडा वर गेला. राष्ट्रगीत सुरू झालं. आणि नेमकी तेव्हा मैदानावरून वाऱ्याची एक झुळूक आली.

तुम्ही मिरची वाळवायच्या पथारीवर कधी गेला असाल तर पुढचं सांगायला नको. गेला नसाल तर एवढंच समजा, की सगळ्या गावाच्या नाकात एकदम एक लाल ठिणगी शिरली. घसे पेटले. पण राष्ट्रगीत चाललेलं! खोकायचं कसं? शिंकायचं कसं? माणसं ताठ उभी. हात मांड्यांना चिकटलेले. ओठ घट्ट मिटलेले. आणि आत कोंडलेला ठसका मग मिळेल त्या वाटेनं बाहेर पडायला लागला. डोळ्यांतून! आधी तात्या, मग बाया, मग गुरुजी, मग आप्पा. सरपंच झाल्यापासून आप्पांना रडताना कोणी पाहिलं नव्हतं. गालांवरून धारा, आणि नजर झेंड्यावर. मी डोळ्यांच्या धुक्यातून बघत होते, आणि कानावर राष्ट्रगीतातली ती ओळ आली, जिथे आमच्या दोन्ही राज्यांची नावं शेजारी शेजारी येतात. मध्ये एक मिरचीही मावणार नाही इतकी शेजारी! इतकी वर्षं ते गीत म्हणत होते, पण ऐकलं त्या दिवशी. अंगावर काटा आला. या वेळी बाभळीचा नव्हता.

अध्यक्षसाहेब थक्क. जिकडे बघावं तिकडे गाव रडतंय. आजीबाई जमिनीवरून उठून रडतायत, पोरं रडतायत, सरपंच रडतायत. साहेबांच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि त्यांना वाटतंय ते भावनेनं!

मग माझं भाषण. मी पानंच्या पानं पाठ केलेली. दोन भाषांचं एक मोठं राज्य कसं होतं, मराठी माणसानं आपलं राज्य का मागितलं, शाहिरांनी डफावर गावं कशी जागी केली, मोर्च्यांत गिरणीतले कामगार होते, बाया होत्या, पोरं होती. मी पुढे आले, श्वास घेतला (घ्यायला नको होता) आणि म्हणाले, "ज्यांनी या राज्यासाठी छातीवर गोळ्या झेलल्या, ती माणसं सकाळी आपल्या घरून नेहमीसारखीच निघाली होती..."

आणि माझा घसा बंद. पूर्ण बंद! तोंड उघडं, आवाज नाही, डोळ्यांतून गंगा-यमुना. मी उभी, मैदान उभं, कोणी हलेना. त्या शांततेत मला माझंच वाक्य ऐकू आलं. नेहमीसारखीच निघाली होती. म्हणजे त्यांच्या घरीही कुणी धार काढत असेल, कुणी भाकरी करत असेल. संध्याकाळी त्यांचं ताट वाढून वाट बघितली असेल. इतके दिवस मी ते वाक्य घोकत होते, पण ते माणसांबद्दल आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी हात जोडले आणि खाली बसले. आयुष्यात मी केलेलं सर्वांत चांगलं भाषण तेच, कारण ते एका वाक्याचं होतं.

इथे जर कार्यक्रम संपला असता! पण अध्यक्षसाहेब उठले. त्यांचा आवाज भरून आलेला. "बंधू-भगिनींनो, मी इतके एक मे पाहिले. पण मातीवर असं प्रेम करणारं गाव पाहिलं नाही. या मातीचा टिळा मी आज लावणार!"

"नको!" मी ओरडले. पण घसा बंद, ते त्यांना "जय" असं काहीतरी वाटलं असावं. साहेब भावनेच्या भरात चालत नकाशात गेले, नेमके वायव्येला, जिथे बायांनी सगळ्यांत जास्त पाय चालवले होते. वाकून त्यांनी चिमूटभर माती उचलली. लाल होती. त्यांना वाटलं, खानदेशची माती लाल असते. (आमची काळी आहे!) भक्तिभावानं कपाळाला लावली. कपाळावर घाम. घाम खाली उतरला. आणि डोळ्यांत काहीतरी गेलं असं वाटून त्यांनी तीच बोटं डोळ्यांना लावली.

इतका वेळ शुद्ध मराठी बोलणारे साहेब एका क्षणात आईच्या भाषेत आले. "ओ माय व! मरी गऊ व माय! पानी! पानी आना रे!"

पाणी कुठलं? हापसा मैदानाच्या त्या टोकाला. गाव धावलं, हे तर थेट हापशाकडेच धावले. पण मोठी माय सगळ्यांच्या आधी हलली. तिनं मुंबई उचलली आणि साहेबांच्या डोळ्यांवर ओतली! ज्या मुंबईसाठी एवढा लढा झाला ती आमच्या गावात अशी खर्ची पडली.

साहेबांना सावलीत बसवलं, डोळ्यांवर ओलं फडकं. सगळं गाव भोवती. फडक्याखालून आवाज आला, "मिरची होती?"

"हां साहेब," आप्पा म्हणाले.

"हे कोणाचं डोकं?"

मी डोळे मिटले. आप्पा आता माझं नाव घेतील, आणि शाळेचं नाव घरात पुन्हा निघणार नाही. आप्पा खाकरले, सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "मन्ही सूननं शे साहेब. पन पोतं मन्हा घरनं व्हतं. दोष माले द्या."

मी आप्पांकडे बघतच राहिले. हा माणूस मला आजवर ओळखूच आला नव्हता.

"म्हणजे," साहेब हळूहळू म्हणाले, "सगळं गाव मिरचीमुळे रडत होतं. आणि मला वाटलं..."

खरंच होतं ते.

मग मोठी माय खाकरली. "बठ्ठासनं माले माहीत नही साहेब. मी काही मिरचीकरता रडनू नही. माले आज मन्ही आंडेर दिसनी. पंचवीस वरीस मी ऐकी ऱ्हायनू का ती दुसरा राज्यमा शे. आज देखं तं ती हातभर बी लांब नही."

साहेबांनी फडकं काढलं. डोळे टोमॅटोसारखे. मोठ्या मायकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं. तिकडे तुरीचा मराठवाडा बोकडानं संपवला होता, पण सुरतेपर्यंत सगळ्या लेकी राज्यात होत्या. मग साहेब म्हणाले, "माझीही बहीण तिकडेच आहे. निझरच्या पुढे." आणि आप्पांना म्हणाले, "सरपंच, जूनमध्ये सूनबाईंना शाळेत पाठवा."

मैदानावर टाळ्या पडल्या, शिंका आल्या, दोन्ही एकदम. आप्पांनी हात जोडले. हे तेवढ्यात कळशी भरून आले आणि विचारायला लागले, "कोनाले पाहिजे पानी?"

माझी छाती अशी फुगली की विचारू नका. मी पदर सावरून, डोळे पुसून (चुकीच्या हातानं), पुढे झाले आणि विचारलं, "साहेब, मी भूगोलच शिकवीन ना?"

साहेब जीपमध्ये बसले होते. त्यांनी दार लावून घेतलं, आतून कडी लावली आणि मग म्हणाले, "बाई, मराठी शिकवा, गणित शिकवा, शिवण शिकवा. भूगोल नाही. तुमच्या हाती एक राज्य दिलं तर झेंडावंदनाआधी सुरत घेतलीत. तुम्हाला देश दिला, तर तिमाही परीक्षेपर्यंत आम्ही सगळे कुठल्या देशात असू?"

मी शाळेत तीस वर्षं शिकवलं. मराठी. भूगोलाचे गुरुजी आजारी पडले की मुख्याध्यापक मला बदली तासावर पाठवायचे खरे, पण आधी शिपाई जाऊन वर्गातला नकाशा काढून आणायचा.